समांतर जोडणीतील रोध: जव्हार-मोखाड्याच्या तारांवरून

दोन रोध समांतर जोडले की त्यांचा एकत्रित रोध दोहोंपैकी लहान रोधापेक्षाही कमी भरतो. माध्यमिक शाळेत हे सूत्र पाठ होते, उदाहरणेही सुटतात, पण गोष्ट पटलेली नसते. अडथळ्यात अडथळ्याची भर पडली तर अडथळा वाढायला हवा, असे मन म्हणत राहते. एकसर जोडणीत ते खरेच असते. तिथे एकामागून एक रोध येतात आणि विद्युतधारेला प्रत्येकातून जावेच लागते, म्हणून रोधांची सरळ बेरीज होते. समांतर जोडणीत दुसरा रोध पहिल्याच्या पुढे उभा राहत नाही, शेजारी उभा राहतो. तो स्वतः अडथळा असला तरी धारेसाठी ती आणखी एक वाट असते. जिथे आधी काहीच नव्हते तिथे अवघड का होईना, एक वाट झाली.

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत हे पाण्याच्या रूपात दिसते. उतारावरचे भाताचे खाचर पावसाने तुडुंब भरले की बांध फुटू नये म्हणून त्याला तोंड पाडून जास्तीचे पाणी खालच्या खाचरात सोडतात. एका तोंडाने भागत नसेल तर दुसरे पाडतात. हे दुसरे तोंड पहिल्याहून चिंचोळे असो की गोट्यांनी अर्धे बुजलेले असो, खाली जाणारे एकूण पाणी वाढतेच. खाचरातली पातळी टिकून असेतो पहिल्या तोंडातून वाहणारे पाणीही कमी होत नाही. पातळी म्हणजे विभवांतर, वाहते पाणी म्हणजे धारा आणि तोंडाचा चिंचोळेपणा म्हणजे रोध. उपमेला मर्यादा आहेत. खाचरातले पाणी खाली जाऊन संपते. विजेच्या परिपथात मात्र जेवढी धारा गेली तेवढी परत यावी लागते. ‘पातळी टिकून असेतो’ ही अट मात्र उपमेपुरती नाही. पाड्यावर संध्याकाळी दिवे मंद का होतात याचे कारण तिच्यातच आहे.

ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम असा: तापमान आणि इतर भौतिक अवस्था तीच राहिली तर वाहकातली धारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात असते. किरचॉफने १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, दुसरा दुवा दिला: कोणत्याही जोडबिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते. समांतर जोडणीचे सूत्र या दोन विधानांतून निघते. सगळ्या शाखांच्या टोकांना विभवांतर एकच असते, म्हणून प्रत्येक शाखा आपापल्या रोधानुसार धारा घेते. त्या धारांची बेरीज म्हणजे एकूण धारा. म्हणूनच एकूण रोधाचा गुणाकार व्यस्त हा सर्व रोधांच्या गुणाकार व्यस्तांच्या बेरजेइतका येतो. दोनच रोध असतील तर गुणाकाराला बेरजेने भागले की झाले. सारखे दहा रोध असतील तर एकाचा दहावा हिस्सा.

२३० व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्यावा. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १०० ने भागले की पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम मिळतो. (विझलेल्या, थंड बल्बची तार मोजली तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. टंगस्टन तापले की त्याचा रोध वाढतो.) त्याच्याशेजारी ६० वॉटचा, म्हणजे सुमारे ८८२ ओहमचा बल्ब समांतर लावला तर जोडीचा रोध सुमारे ३३१ ओहम होतो. तो ५२९ हूनही कमी आहे. दहापट रोधाचा, ५,२९० ओहमचा एखादा चिमुकला दिवा लावला तरीही ५२९ चे ४८१ होतात. ही घट लहान आहे, पण घटच आहे. एक रोध दुसऱ्याहून फारच मोठा असला तर एकूण रोध लहान रोधाच्या किंचित खाली येऊन थांबतो, हा अंदाज कामाच्या ठिकाणी कागद-पेन्सिलीवाचून पुरतो.

व्यस्तांची ही बेरीज क्लिष्ट वाटण्याचे कारण मोजमापाच्या निवडीत आहे. रोध मोजला की अडथळा मोजला जातो. समांतर जोडणीत भर पडते ती मोकळेपणाची. म्हणून रोधाच्या व्यस्ताला वेगळे नाव आणि वेगळे एकक दिले गेले. आज ते एकक सीमेन्स म्हणून ओळखले जाते. पूर्वी ओहमची अक्षरे उलटी वाचून त्याला ‘म्हो’ म्हणत. या मापाने पाहिले तर समांतर जोडणीत साधी बेरीज उरते आणि व्यस्तांचा घोळ एकसर जोडणीकडे जातो. पाठ्यपुस्तकांनी सुरुवात इथून केली असती तर पुष्कळ विद्यार्थ्यांची डोकेदुखी वाचली असती.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘वीज कमीत कमी रोधाची वाट धरते’ हे वाक्य वायरमनपासून शिक्षकांपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. समांतर जोडणीत ते खोटे ठरते. धारा सगळ्याच वाटांनी जाते. कमी रोधाच्या वाटेने जास्त आणि जास्त रोधाच्या वाटेने कमी. खाचराला मोठे तोंड आहे म्हणून लहान तोंड कोरडे पडत नाही. अर्थिंगच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

घरातली सगळी वायरिंग समांतर असते. प्रत्येक दिवा, पंखा, सॉकेट फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये स्वतंत्रपणे बसवलेले असते. म्हणून प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद केले तरी दुसरे चालू राहते. तेच १०० वॉटचे दोन बल्ब एकसर जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला ११५ व्होल्ट येतात, आणि रोध तोच धरला तर प्रत्येकी २५ वॉटचाच उजेड. शिवाय एक गेला की दोन्ही गेले. लग्नात, गणपतीत किंवा मोखाड्याच्या बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाच्या, रात्री रस्त्यावर लावलेल्या माळा दोन्ही जोडण्यांचे मिश्रण असतात. बारीक बल्बांचे एकसर तुकडे केलेले असतात आणि असे अनेक तुकडे परस्परांना समांतर असतात. त्यामुळे एक बल्ब उडाला की पूर्ण माळ जात नाही, मधलाच एक पट्टा काळा पडतो. सोंग नाचत त्या पट्ट्याखाली आले की मुखवटा क्षणभर अंधारात जातो. तेवढ्यावरून परिपथाचा नकाशा काढता येतो.

स्विच आणि फ्यूज मात्र नेहमी एकसर असतात, आणि असायलाच हवेत. समांतर शाखा वाढत गेल्या की एकूण रोध घटतो, एकूण धारा वाढते आणि ती सगळी धारा एकाच तारेतून येते. एका एक्स्टेन्शन बोर्डावर १,००० वॉटची इस्त्री आणि पाणी तापवायचा १,५०० वॉटचा रॉड लावला तर धारा अनुक्रमे ४.३५ आणि ६.५२ अँपिअर, मिळून जवळजवळ ११ होते. बोर्डाची वायर ६ अँपिअरची असेल तर ती तापते. किटकॅट फ्यूजमध्ये नेमलेली तार असली तर ती वितळून परिपथ तोडते. जाड तांब्याची तार गुंडाळलेली असली तर फ्यूज शाबूत राहतो आणि आग भिंतीत लागते. समांतर जोडणीचा फायदा प्रत्येक उपकरणाला मिळतो. तिचा भार सामाईक तारेवर पडतो.

वीजपुरवठ्याचा इतिहासही इथेच वळला. १८७० च्या दशकात रस्त्यांवर विद्युत-कमानीचे (आर्क) प्रखर दिवे एकसर जोडून लावत. घरोघरी लहान दिवे द्यायचे तर ‘प्रकाशाची विभागणी’ करावी लागते. ब्रिटिश टपाल खात्यातले विद्युत अभियंते विल्यम प्रीस यांनी १८७९ मध्ये ही विभागणी म्हणजे मृगजळ असल्याचे मत दिले होते. कमी रोधाचे दिवे समांतर जोडले तर प्रत्येक दिवा भरमसाट धारा ओढणार, तेवढी धारा वाहायला मनगटाएवढे तांबे लागणार, आणि खर्चातच सारे बुडणार. हिशेब चुकीचा नव्हता. दिवा कमी रोधाचा असणार हे गृहीतक चुकीचे होते. एडिसनने उलटी वाट धरली आणि शंभर ओहमच्या पुढचा रोध असलेली बारीक कर्बतार बनवली. दिव्याचा रोध जास्त, म्हणून धारा कमी, म्हणून तांबे बारीक. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून सुमारे ११० व्होल्टवर असे दिवे समांतर जोडणीत पेटले. दिव्यापेक्षाही हा हिशेब एडिसनचे मोठे काम मानायला हरकत नाही.

तांब्याचा तोच हिशेब जव्हार-मोखाड्यात अंतराच्या रूपाने येतो. इथली वस्ती एकगठ्ठा नसते. गावठाण एका टेकाडावर, एक पाडा ओहळापलीकडे, तिसरा जंगलाच्या कडेला. ११ किलोव्होल्टची लाइन येऊन डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, उतरते आणि तिथून कमी दाबाच्या तारा घराघरांत जातात. २००४ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार गावातल्या १० टक्के घरांत वीज पोचली की, इतर काही अटींसह, गाव विद्युतीकृत धरले जाई. २०१७ मध्ये आलेल्या सौभाग्य योजनेने मोजणी घराघरावर आणली. परिपथाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या टप्प्यात तार आली आणि दुसऱ्यात समांतर शाखा वाढल्या. डीपी जिथल्या तिथे राहून तार लांबच्या पाड्यापर्यंत ओढली गेली असेल, तर तिचा रोध त्या सगळ्या शाखांना एकसर लागतो. घरे समांतर, पण वाट एकच.

डोंगरातल्या या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, मधोमध ताणासाठी पोलादी तार. जाडीनुसार त्यांना इंग्रजांच्या काळापासून प्राण्यांची नावे आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. जंगलावरून जाणाऱ्या तारांना खारीचे आणि सशाचे नाव शोभते, पण नावामागचा अर्थ जाडीचा आहे. खार बारीक, कुत्रा जाड. वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. हिशेबासाठी असा पाडा धरू, जो डीपीपासून ८०० मीटरवर आहे आणि जिथे फेज व न्यूट्रल दोन्ही वीझलच्या आहेत. जाऊन-येऊन १.६ किलोमीटर तार, म्हणजे १.४४ ओहम. डीपीवर २३० व्होल्ट पक्के आहेत असे समजू.

पाड्यावरच्या दहा घरांत १०० वॉटचा एकेक पिवळा बल्ब लागला. दहा समांतर शाखांचा रोध ५२.९ ओहम, तारेसह ५४.३. धारा सव्वाचार अँपिअरच्या आसपास. तारेत सुमारे ६ व्होल्ट खर्च होऊन घरांना २२४ मिळतात. तक्रारीला जागा नाही. आता पाड्यालगतच्या वसतिगृहात थंडीच्या सकाळी पाणी तापवायचे १,५०० वॉटचे चार रॉड लागले. चार रॉडांचा समांतर रोध ८.८ ओहम, बल्बांसकट ७.५६. तारेचे १.४४ मिळवले की ९ ओहम. धारा साडेपंचवीस अँपिअर, तारेतच जवळजवळ ३७ व्होल्ट गेले आणि घराघरांत उरले १९३. ज्या घरांनी काहीही नवे लावले नाही त्यांचेही बल्ब मंद झाले. १०० वॉटचा बल्ब जेमतेम ७० वॉटचे काम करू लागला. दरम्यान तारेत ९४० वॉटच्या आसपास ऊर्जा नुसती उष्णता होऊन रानावर उधळली जात आहे. ‘व्होल्टेज नाही’ या तक्रारीचा अर्थ हा असतो. खाचराला तोंडे वाढली आणि वरून भरणारा पाट अरुंदच राहिला, तर खाचराची पातळी उतरते आणि मग पहिल्या तोंडाचेही पाणी घटते.

उपायही समांतर जोडणीतच सापडतो. त्याच खांबांवर तेवढ्याच जाडीची दुसरी जोडी ओढून पहिलीला समांतर केली तर तारेचा रोध निम्मा, ०.७२ ओहम होतो. तोच भार असताना घरांना १९३ ऐवजी २१० व्होल्ट मिळतात. काटछेदाचे क्षेत्रफळ दुप्पट असलेली जाड तार टाकणे म्हणजे विद्युतदृष्ट्या हेच, कारण जाड तार म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक तारांची समांतर मोळी. याहून चांगला उपाय म्हणजे लहान रोहित्र थेट पाड्यावर नेणे. मग लांबचे अंतर ११,००० व्होल्टवर कापले जाते, तिथे त्याच शक्तीसाठी धारा अगदी थोडी लागते, आणि कमी दाबाची एकसर तार काही मीटरांवर येते.

जमिनीखालीही समांतर जोडणी असते. डीपीच्या खांबाशी अर्थिंगचे एकाहून अधिक खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडतात. खड्ड्यात लोखंडी नळी किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर, बेसाल्टच्या खडकावर आहे, आणि उतारांवर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात तो चिंब असतो तेव्हा अर्थिंग बरे लागते. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडली की त्याच खड्ड्याचा रोध कितीतरी वाढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी आणि खड्ड्यात पाणी घालावे असे सांगितले जाते. प्रत्येकी २० ओहमचे दोन खड्डे जोडले तर सूत्र १० ओहम सांगते. प्रत्यक्षात आकडा थोडा वर राहतो. खड्ड्याचा रोध लोखंडात नसतो, त्याच्या भोवतालच्या मातीच्या गोळ्यात असतो. दोन खड्डे जवळजवळ घेतले तर त्या गोळ्यांची सरमिसळ होते आणि दोन वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या राहत नाहीत, जशी दोन तोंडे एकाच अरुंद चरात उघडली तर होते. त्यामुळे दोन इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे खड्ड्यांतल्या नळ्यांमध्ये, त्यांच्या लांबीच्या दुपटीइतके अंतर ठेवण्याची रीत आहे.

याच अर्थिंगपाशी ‘कमीत कमी रोधाची वाट’ धोका देते. पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरली आणि ओल्या पायांनी कुणी त्याला हात लावला, तर अर्थिंगची तार आणि माणसाचे शरीर या दोन समांतर वाटा झाल्या. ओल्या अवस्थेत शरीराचा रोध १,००० ओहम आणि गळती ५ अँपिअर धरू. अर्थिंग २ ओहमचे असेल तर शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर जातात. झटका जोरात बसतो, पण सहसा माणूस वाचतो. अर्थिंग २० ओहमचे झाले असेल तर तेच ९८ मिलिअँपिअर होतात, आणि एवढी धारा काही क्षणांत हृदयाची लय बिघडवू शकते. दोन्ही वेळा अर्थिंग हीच कमी रोधाची वाट होती; दोन्ही वेळा शरीरातूनही धारा गेली. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे उपकरण बसवणे आवश्यक ठरते.

नको असलेल्या समांतर वाटा पावसाळ्यात लाइनवरही उघडतात. प्रत्येक खांबावर तार पोर्सेलिनच्या इन्सुलेटरवर टेकलेली असते. कोरड्या, स्वच्छ इन्सुलेटरचा रोध ५०० मेगाओहम धरला तर एकटा तो अभेद्य वाटतो. पण लाइनवर असे ५०० इन्सुलेटर असतील तर ते सगळे तार आणि जमीन यांच्यामध्ये समांतर असतात, आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचे उपकरण, लावल्यावर एकूण रोध एकच मेगाओहम दिसतो. उन्हाळाभर साचलेल्या धुळीवर पहिला पाऊस पडला आणि प्रत्येकाचा रोध दहाव्या हिश्श्यावर आला, तर एकूण आकडाही दहाव्या हिश्श्यावर येतो. त्यात एका ठिकाणी सागाची ओली फांदी तारेला टेकली तर तिचा लहान रोध बाकीच्या सगळ्यांना निरर्थक करून टाकतो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर फीडर ट्रिप होतो, आणि लाइनमनला अनेक किलोमीटर पायी फिरून ती एक फांदी शोधावी लागते. इन्सुलेटर पाचशे असले तरी एकूण रोधाचा आकडा फांदी एकटी ठरवते.

आतापर्यंतचे आकडे तापलेल्या तारेच्या उपकरणांचे, म्हणजे बल्ब, इस्त्री, रॉड यांचे आहेत. त्यांना ठरावीक रोध आहे असे मानता येते. पिठाच्या गिरणीच्या मोटरीला तसे मानता येत नाही. तिच्या वेटोळ्यांमुळे धारा विभवांतराच्या मागे पडते आणि दोन शाखांच्या धारा नुसत्या आकड्यांनी मिळवून चालत नाहीत, त्यांच्यातले मागेपुढेपण धरावे लागते. एलईडी दिव्याचे वागणे आणखी वेगळे आहे. पाड्यावरच्या दहा पिवळ्या बल्बांच्या जागी ९ वॉटचे एलईडी आले तर दहा घरांची मिळून धारा अर्ध्या अँपिअरच्या आसपास येते, आणि ८०० मीटर तारेत एक व्होल्टही खर्च होत नाही. मात्र चांगल्या एलईडीतले इलेक्ट्रॉनिक्स विभवांतर घटल्यावर धारा वाढवून तीच शक्ती घेत राहते, त्यामुळे ओहमचा नियम त्याला लागू पडत नाही. त्याचा ‘रोध’ सांगायचाच तर कोणत्या विभवांतराला, हे आधी सांगावे लागते, आणि व्यस्तांचे सूत्र त्या एका विभवांतरापुरतेच वापरता येते. बल्ब असो, मोटर असो, एलईडी असो की तारेला टेकलेली फांदी, किरचॉफचा जोडबिंदूचा नियम मात्र प्रत्येक क्षणी तसाच लागू राहतो: सगळ्या शाखांतल्या धारा मिळून जेवढी धारा होते, तेवढी डीपीकडून येणाऱ्या तारेतून वाहते.